चिखल्या कुणाला होतात?

आमच्या सासरी पायाच्या अंगठ्याचं नख बघून माणूस रक्ताचा की लग्नाने आलेला हे सांगता येतं. सासऱ्यांची दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड, कडेने भुगा पडणारी. ते लालबागच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. ‘गिरणीच्या ओलीनं खाल्ली माझी नखं,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सासूबाईंचं निदान निराळं होतं. ‘पाय धुतले की पुसायला नकोत, मग दुसरं काय होणार!’

माझा नवरा गिरणीची पायरी कधी चढला नाही. बँकेत एसीत बसतो, आणि आईच्या धाकाने लहानपणापासून बोटांची बेचकी पुसून घेतो. तरी तिशी ओलांडली आणि त्याच्या अंगठ्यावर तोच पिवळा रंग चढला. नणंद लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तिथेही तेच. उलट सासूबाई उभा जन्म त्याच दहा बाय बाराच्या खोलीत राहिल्या, त्याच मोरीत पाय धुतले, घाईच्या वेळी सासऱ्यांच्याच चपला अडकवून गॅलरीच्या टोकाच्या संडासला गेल्या. त्यांची नखं शेवटपर्यंत स्वच्छ गुलाबी. मीही इतकी वर्षं याच माणसांबरोबर एकाच फरशीवर अनवाणी वावरते आहे. मला काही नाही.

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बुरशीचे नमुने माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे नवऱ्याचं नख मीच खरवडून नेलं. उगवली ती ट्रायकोफायटॉन रुब्रम. नखांत जगभर सगळ्यात जास्त सापडणारी हीच, म्हणजे त्यात नवल काही नव्हतं. नवल मला पुढे एक शोधनिबंध वाचताना वाटलं. १९९६ साली नार्डो झायस या त्वचारोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर असल्या नखांच्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या होत्या. रुब्रमची ही नखं आजोबा, मुलगा, नात अशी एकेक पिढी उतरत जातात, आणि लग्न होऊन घरात आलेली माणसं सहसा सुटतात. एकच जनुक एका पालकाकडून आलं तरी पुरतं, अशा धाटणीचा तो वारसा दिसत होता. कुठल्या तरी परक्या मुलखातल्या वंशावळीत मला आमची चाळीतली खोली दिसली. कोपऱ्यात कोऱ्या चौकोनात सासूबाई, त्यांच्या खालच्या ओळीत कोऱ्या चौकोनात मी. (वंशावळीत बाईला खरं तर वर्तुळ असतं. पण चाळीच्या खोलीला चौकोनच शोभतो.)

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासरे नव्हते. सासूबाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मी उगाच चाळीस वर्षं त्यांना बोलले?’ आणि लगेच, ‘तरी पाय पुसायलाच हवे होते.’

मला त्यांचं दुसरं वाक्यही पटतं. पण आधी पहिल्याबद्दल.

मुंबईचा पावसाळा म्हणजे आमचा सीझन. जून संपत आला की चिखल्या, गजकर्ण, नायटे, शिबं यांची रांग लागते. ज्यांना दोन तास ओल्या बुटात लोकलमध्ये उभं राहायचंय, ज्यांचे कपडे गॅलरीत तीन दिवस वाळत नाहीत, ज्यांची नोकरी गमबुटातली आहे, त्यांना हे होणारच, असं आपण धरून चालतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण त्याच लोकलमधल्या, त्याच ओल्या बुटांतल्या कितीतरी जणांना काही होत नाही. ज्यांना होतं त्यांतही एकाचं पावडर लावून आठवड्यात जातं आणि दुसऱ्याचं मांडीपासून पोटापर्यंत, पोटापासून पाठीपर्यंत चढतं. या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात, आग आणि शेरे. ‘रोज आंघोळ करतोस ना रे?’ ‘टॉवेल कुणाचा वापरतोस?’ तापाच्या माणसाला आपण औषध घेतलंस का विचारतो. गजकर्णवाल्याची मात्र थेट झडती घेतो. दुखणं जितकं जास्त, तितका दोष जास्त, हा हिशेब आपल्या डोक्यात इतका पक्का आहे की डॉक्टरांच्याही तोंडून तो निसटतो.

मायक्रोस्कोपखाली मात्र हा हिशेब जमत नाही. चट्ट्याच्या कडेची कातडी बोथट ब्लेडने खरवडायची, मधली नाही, कारण बुरशी कडेला जिवंत असते, मधला भाग ती खाऊन पुढे गेलेली असते. तो कोंडा स्लाइडवर घेऊन वर दहा टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि वाट बघायची. केओएच कातडीच्या पेशी विरघळवतं. थोड्या वेळाने सगळं धूसर, पाणचट होतं आणि त्यातून आडव्या पडद्यांचे, फाटे फुटलेले बारीक तंतू आरपार गेलेले दिसू लागतात. कंडेन्सर जरा खाली घेतला की कडा उजळतात. नख असेल तर केओएच जास्त तीव्र लागतं आणि धीरही. मग उरलेला कोंडा बुरशी वाढवायच्या साबुरोच्या माध्यमावर पेरायचा आणि चार आठवडे ट्यूबा सांभाळायच्या. रुब्रम असेल तर वरून पांढरा कापसाळ थर चढतो आणि ट्यूब उलटी केली की तळाशी गडद लाल रंग उतरलेला दिसतो. मला तो अजूनही बघावासा वाटतो. पण सांगायचा मुद्दा असा की ज्याच्या फक्त एका बेचक्यात चिखल्या आहेत त्याची स्लाइड आणि ज्याचं अर्धं अंग भरलंय त्याची स्लाइड शेजारी ठेवली तर मला फरक सांगता येणार नाही. तंतू तेच, फाटे तेच. दुखणं किती वाढणार हे त्या काचेवर लिहिलेलं नसतं.

आणि बुरशी तर सगळ्यांकडे आहे. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, हवेत तरंगत असतात, ते आपण सगळे रोज श्वासाबरोबर आत घेतो. कॅन्डिडा निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात सुखाने नांदते. ‘ही कुठून लागली?’ हा घरोघरचा पहिला प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. लागते सगळ्यांनाच. काही मोजक्यांत ती एवढी आत का शिरली, हे विचारायला हवं.

या प्रश्नाचं उत्तर रक्तात शोधावं हे काही बुरशीपासून सुरू झालं नाही. १९८८ साली डेन्मार्कमध्ये सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा फार देखणा अभ्यास केला. १९२०च्या दशकात जन्मून दत्तक गेलेली ही माणसं पुढे कशाने वारली, आणि त्यांचे जन्मदाते व सांभाळणारे आईबाप कशाने वारले, याची नोंद त्यांनी ताडून पाहिली. जन्मदात्यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर त्या मुलाचाही संसर्गाने अकाली मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट निघाला. ज्यांच्या घरात ती मुलं जेवली-खेळली-झोपली, त्या पालकांच्या संसर्गाने झालेल्या मृत्यूशी मात्र असा काही धागा लागला नाही. कर्करोगाच्या बाबतीत निकाल नेमका उलट्या बाजूला झुकला होता. आपण सगळे उलटंच धरून बसलो होतो, की कर्करोग रक्तातून येतो आणि साथ शेजारातून.

बुरशीच्या बाबतीत पहिली ठळक वंशावळ आली ती पापुआ न्यू गिनीहून. तिथे टिनिया इम्ब्रिकेटा नावाचं गजकर्ण असतं, अंगभर एकात एक वर्तुळं उमटतात. १९७७ साली सर्जंटसन आणि लॉरेन्स यांनी दाखवलं की ते होण्याचा कल घराण्यांतून उतरतो, आणि त्यासाठी आई व बाप दोघांकडून जनुकाची प्रत यावी लागते. तेव्हा डीएनए वाचायची सोय नव्हती. घरं, माणसं आणि कागद-पेन्सिल यावर ते काम उभं राहिलं.

मग जनुकं वाचता येऊ लागली, आणि गोष्ट एका तारेपाशी येऊन थांबली. ती समजायला मला आमची सोसायटी उपयोगी पडते. चार गेटं, चार वॉचमन, आणि सगळ्यांचा इंटरकॉम एकाच वायरीने ऑफिसला जोडलेला. एखाद्या गेटावरचा वॉचमन डुलक्या घेत असेल तर फार तर एखादा सेल्समन आत येतो, कारण बाकीचे तिघे जागे असतात. वायरच तुटली तर चौघेही डोळे फाडून बघत बसले तरी ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ हा असा एक वॉचमन आहे, तो बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकॅन ओळखतो. त्याच्या जोडीला आणखी काही आहेत. ते सगळे आत निरोप धाडतात तो कार्ड-९ नावाच्या प्रथिनाच्या वायरीतून. २००९ साली एकाच महिन्यात दोन शोध छापून आले. एका डच कुटुंबातल्या स्त्रियांना डेक्टिन-१ नीट नव्हतं. त्यांना योनीमार्गाचा कॅन्डिडा पुन्हा पुन्हा होत होता, नखं बुरशीने खराब होती, पण जिवावर बेतलेलं काही नाही. दुसरं कुटुंब इराणमधलं, तिथे कार्ड-९ तुटलेलं होतं. त्या माणसांना तोंडातल्या-कातडीवरच्या कॅन्डिडाने कायमचं गाठलं होतं आणि त्यांच्यातले काही दगावलेही.

चार वर्षांनी, २०१३ मध्ये, फ्रान्समधल्या संशोधकांनी अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोतल्या आठ कुटुंबांतले १७ रुग्ण मांडले. हा निबंध वाचून मी बराच वेळ पुढचं काम केलं नाही. त्यांच्या अंगात शिरलेली बुरशी काही जंगलातून आलेली नव्हती. तीच ट्रायकोफायटॉन रुब्रम, आणि तिची बहीण व्हायोलेशियम. माझ्या टेबलावर रोज येणारी. एरवी ही जात कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात केराटिन खात बसते, जिवंत भागात पाऊल टाकत नाही. या माणसांत ती खाली उतरली होती, गाठी झाल्या होत्या, लसीकाग्रंथींपर्यंत पोचली होती. १७ पैकी चौघांचा जीव गेला. गजकर्णाने माणूस मरतो, हे वाक्य मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर हसले असते. सतराही जणांच्या कार्ड-९ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या.

दोन्ही प्रती, हा यातला महत्त्वाचा भाग. आईची एक बिघडलेली, एक चांगली, बापाची तशीच. दोघं ठणठणीत. प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या येतात. अशी दुर्मीळ प्रत नवरा आणि बायको दोघांकडे असायची शक्यता एरवी नगण्यच, पण दोघांचे आजी-आजोबा एकच असले तर ती एकदम वाढते. असे रुग्ण बहुतेक नात्यात लग्न करणाऱ्या कुटुंबांतलेच असतात.

आता हे वाचून ‘त्यांच्यात तसं करतात’ म्हणून मान हलवणाऱ्या मराठी माणसाने आपल्या घरचे फोटो काढून बघावेत. मामाची मुलगी करणं ही आपल्याकडे कितीतरी समाजांत नुसती चालणारी गोष्ट नव्हे, हक्काची गोष्ट आहे. माझ्या कऱ्हाडच्या आत्याशी यावरून माझं एकदा चांगलंच वाजलं. तिच्या नातवासाठी मामाची मुलगी बघायचं घाटत होतं. मी सावकाश, शब्द जपून, अशा भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुकं सारखी असतात वगैरे समजावत होते.

‘अगं, आमच्या वेळी सगळ्यांनी मामाच्याच पोरी केल्या,’ आत्या म्हणाली. ‘कुणाला काय धाड भरली?’

‘आत्या, बहुतेकांना काहीच होत नाही. ते मी नाकारत नाही.’

‘मग झालं तर. पोरगी डोळ्यांसमोरची आहे, घरातलं सोनं घरात राहतं.’

‘सोनंच राहतं असं नाही ना.’

आत्या रागावली. पण तिचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. ती म्हणाली, ‘तुम्ही मुंबईची माणसं साइटवर स्थळं बघता आणि तिथंही जात, पोटजात, तालुका टाकूनच बघता. ते काय लांबचं झालं?’ खरं आहे. चार गावांतल्या दोनशे घरांत पिढ्यान् पिढ्या सोयरिकी होत आल्या असतील तर नवरा-नवरीला एकमेकांचं नातं सांगता येत नाही एवढंच, नातं असतंच.

आईकडून येणाऱ्या वारशाची गोष्ट याहून नाजूक आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमेटस डिसीज नावाचा एक विकार आहे, सीजीडी म्हणतात. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बुरशीपर्यंत पोचतात, तिला गिळतातही, पण गिळल्यावर तिला मारण्यासाठी ऑक्सिजनपासून जे जहाल रेणू बनवायचे ते बनवता येत नाहीत. मग सगळ्यांच्या फुप्फुसांत जाऊन निमूट मरणारा अ‍ॅस्परजिलस या मुलांच्या फुप्फुसात घर करतो. याचा सर्वांत ठाऊक असलेला प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. आईकडे दोन एक्स, त्यामुळे ती सहसा बरी. मुलाकडे एकच, त्यामुळे तो आजारी. आपल्या घरांत सुनेच्या माथी काय काय मारतात हे मला सांगायला नको. त्यात ‘तुझ्याकडून आलं’ असं कागदावर छापून मिळालं तर?

मुंबईत याची तपासणी परळला होते. केईएमच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करणारी. तपासणी डीएचआर नावाची. रक्तातल्या न्यूट्रोफिलना डिवचायचं आणि बघायचं की रंगद्रव्य चमकतं का. ते जहाल रेणू तयार झाले तर पेशी चमकते. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने मला असे आलेख दाखवले होते. निरोगी माणसाचा एकच उंचवटा, उजवीकडे, चमकणाऱ्या पेशींचा. आजारी मुलाचा एकच, डावीकडे, न चमकणाऱ्यांचा. आणि आईचे दोन. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच जागा असतो, आणि कुठला जागा राहणार हे ती पेशी फार लवकर, आपापलं ठरवते. म्हणून आईच्या रक्तात चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या दोन्ही पेशी एकत्र फिरत असतात. मैत्रीण म्हणाली, अहवाल देताना डॉक्टर पहिल्यांदा सासूला बाहेर बसवतात. विज्ञानाच्या पुस्तकात ही पायरी कुठे लिहिलेली नसते.

वारसा म्हटलं की आपल्याला आडनाव आठवतं, पण शरीर आडनाव बघत नाही. याचा मला आवडलेला दाखला बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा. आपल्याकडचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९८३ साली परळलाच, टाटा मेमोरियलमध्ये, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. यात रुग्णाची रक्तपेशींची सगळी पेरणीच बदलते. अशा रुग्णांना अ‍ॅस्परजिलसचा धोका मोठा, पण सगळ्यांना सारखा नाही. २०१४ मध्ये असं दिसलं की पेन्ट्रॅक्सिन-३ नावाच्या एका प्रथिनाच्या जनुकाचा ठरावीक प्रकार दात्याकडे दोन्ही प्रतींत असेल, तर रुग्णाला ही बुरशी जास्त होते. हे प्रथिन बीजाणूला चिकटतं, आणि मग पेशी त्याला पटकन पकडतात. रुग्णाच्या स्वतःच्या आईबापांनी त्याला काय दिलं होतं हा प्रश्न तिथे मागे पडतो. भावाने मॅरो दिला, जीव वाचवला, आणि त्याबरोबर आपल्या पेशींची एक खोटही देऊन गेला.

याच्या उलट्या दिशेनेही हे कळतं, आणि ते तर नेहमीच्या ओपीडीत. २०११ मध्ये पॅरिसच्या गटाने दाखवलं की इंटरल्यूकिन-१७ या निरोप्याचा रस्ता जन्मतः बंद असलेल्या मुलांना तोंडात, कातडीवर, नखांत कॅन्डिडा कायम राहतो. त्यानंतर काही वर्षांत सोरायसिसवर नवी इंजेक्शनं आली, जी नेमका हाच निरोप्या अडवतात. सोरायसिस छान दबतो. आणि काही रुग्णांच्या जिभेवर पांढरा थर चढतो. निसर्गाने जे एका जनुकातून केलं ते आपण महागड्या इंजेक्शनातून करून पाहिलं आणि उत्तर तेच आलं. असा पुरावा क्वचित मिळतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आपलं गजकर्ण जात नाही म्हणजे आपल्यात नक्की कार्ड-९चा घोटाळा आहे. नाही हो. कार्ड-९ अत्यंत दुर्मीळ. तुमचं गजकर्ण जात नाही कारण बहुधा तुमच्या पाकिटात ती ट्यूब आहे. केमिस्टकडून, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून, ‘खाजेची द्या’ म्हणून मिळते ती. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला कडक स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, माणूस खूश होतो, आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी खालून आरामात पसरते. अंगावर चढलेली वर्तुळं, त्यांच्या कडा पुसट, आत आणखी वर्तुळं. खरवडताना मला आता चट्टा बघूनच ट्यूब कळते. शिवाय बुरशीलाही तिची जनुकं आहेत. आपल्याकडे गेल्या दशकात जी चिवट जात पसरली तिचं २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं बारसं झालं. तिच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात असे बदल आहेत की टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाची गोळी तिच्यावर चालेनाशी होते. घराण्याला बोल लावण्याआधी हे दोन गुन्हेगार तपासावेत.

२०२१चा तो मे-जूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्युकरमायकोसिस, म्हणजे ती ‘काळी बुरशी’. रोज नाकातले, टाळूचे तुकडे येत होते आणि केओएचमध्ये रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू दिसले की फोन उचलायला हात जड व्हायचा. देशभरात दोन-तीन महिन्यांत ४० हजारांहून अधिक रुग्ण, सगळ्यात जास्त आपल्याच राज्यात. त्या वेळी कुणाचं जनुक बघायची गरज नव्हती. वाढलेली साखर आणि कोविडसाठी घेतलेलं स्टिरॉइड, बहुतेक फॉर्मांवर दोन्ही लिहिलेलं असायचं. रक्तात साखर, आम्ल, मोकळं लोह वाढलं की नाकाच्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचं प्रथिन जास्त उगवतं, आणि या बुरशीची पकड नेमकी त्याच्यावर बसते. दार शरीराचंच, पण ते उघडलं होतं साखरेने. आपल्याकडे मधुमेह घराण्यातून उतरतो हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल कुणी कुणाची झडती घेत नाही. उलट लग्नाच्या पंगतीत ‘आमच्यात सगळ्यांनाच आहे’ म्हणत एकमेकांना जिलबी वाढतात.

मला अलीकडे एक वेगळीच धास्ती वाटते. ज्या उत्साहाने आपण पत्रिका बघत आलो, त्याच उत्साहाने उद्या जनुकं बघू. ‘मुलीच्या वडिलांची नखं बघितलीस का?’ हे ऐकायला मला फार वर्षं थांबावं लागणार नाही. स्वच्छतेच्या नावाने होणारी झडती बंद करायची आणि रक्ताच्या नावाने सुरू करायची, यात कमावलं काय? जनुक कळण्याचा उपयोग उपचाराला आहे. सीजीडीच्या मुलाला इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध रोज दिलं तर बुरशीचे हल्ले कमी होतात, हे दाखवून झालं आहे. मॅरो बदलून तो पूर्ण बराही होऊ शकतो. कार्ड-९वाल्याला पंधरा दिवसांचा कोर्स देऊन घरी पाठवणं घातक आहे, त्याचं औषध लांबतं आणि त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. भावंडांची तपासणी आधीच करता येते. एवढ्यासाठी रक्ताची चौकशी हवी.

आणि ती चौकशी सुरू करायला महागडी तपासणी लागत नाही. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘घरात इतर कुणाला?’ बरीच वर्षं मी त्यात हो किंवा नाही एवढंच लिहीत आले, सगळेच लिहितात. पण त्या एका रकान्यात दोन निरनिराळे प्रश्न कोंबलेत. बायकोला आहे, रूम पार्टनरला आहे, म्हणजे टॉवेल, चादर, ओली हवा, ट्यूब. आत्याला होतं, वडिलांना आहे, वेगळ्या शहरात राहणाऱ्या बहिणीला आहे, म्हणजे गोष्ट दुसरीकडे जाते. आता मी दोन्ही सुटे विचारते, आणि ज्याचं दुखणं वयाला आणि कारणाला न शोभेल इतकं मोठं आहे त्याला तिसरंही विचारते, की आई-वडील लग्नाआधी नात्यातले का. माणसं चमकतात. एका बाईंनी मला सरळ सुनावलं, ‘तपासायला नख दिलंय, सोयरीक नाही.’

मागच्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा आला. गालाच्या आत आणि जिभेवर पांढरा थर, हाताची चार नखं गेलेली. साखर नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह, स्टिरॉइड कधी नाही, हे सगळं फॉर्मवर आधीच लिहिलेलं. ‘घरात इतर कुणाला?’च्या पुढे कुणीतरी ‘नाही’ लिहिलं होतं. मी विचारलं, ‘बहीण-भाऊ?’ म्हणाला, ‘बहिणीला लहानपणापासून तोंडात असंच व्हायचं. पण ती सासरी असते, नगरला. घरात नाही म्हणून नाही लिहिलं.’ मी ‘नाही’ खोडलं, बहिणीचं वय विचारून घेतलं आणि स्लाइड लावायच्या आधी डॉक्टरांना फोन केला.